वरचं काही नाही

कुहीच्या स्टँडवर एस.टी. लागली तेव्हा सासूबाईंनी खिडकीतून एक पुरचुंडी आत दिली. त्यात बाळघुटीची मुळं होती आणि एक लहानशी सहाण. नागपूरच्या दवाखान्यातून नुकताच घरी आणलेला सम्यक माझ्या मांडीवर झोपला होता. "रोज उगाळून देजो. घुटीशिवाय पोरगं कसं मोठं होते वं?" त्या म्हणाल्या. मी मान हलवली. माझा नवरा प्रशांत दुसरीकडेच बघत बसला. गाडी हलली तशा त्या रडल्या, आणि मीही. ओली बाळंतीण सासू-सासऱ्यांना टाकून शहरात निघाली, हिला वारं लागलं, असं गावाने धरलं.

वारंबिरं काही नव्हतं. सम्यकच्या वेळी रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला, माझ्यात, मग प्रशांतमध्येही. कोणाकडून कोणाला, यावर आम्ही भांडलो आणि शेवटी सोडून दिलं, कारण पोट वाढत होतं. माझ्या गोळ्या सुरू झाल्या. बाळालाही जन्मल्याबरोबर औषध पाजायचं होतं. दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं काही नाही. पाणी नाही, मध नाही, घुटी नाही. दोन्ही एकत्र झालं की बाळाच्या कोवळ्या आतड्याला इजा होते आणि आजाराला वाट मिळते.

आमच्या घरात हे जमणार कसं? मी न्हाणीत गेले की कोणीतरी लाडाने मधाचं बोट चाटवणारच. बरं, खरं सांगावं तर माझंच दूध विष ठरणार, बाळाला गाईच्या दुधावर ठेवणार, आणि मी लपून पाजलं की पुन्हा तेच. सांगितलं तरी वरचं, न सांगितलं तरी वरचं. बायका जाचाला कंटाळून घर सोडतात, मी मायेला भिऊन सोडलं.

भिण्याला कारण होतं. सम्यकच्या आधी मला प्रज्ञा झाली होती. तिच्या वेळी माझं रक्त तपासायचं राहूनच गेलं. जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. पुढे तोंड आतून पांढरं पडायला लागलं, पुसलं की परत. मग हगवण लागली, ती थांबेना. धरलेली मान तिने टाकली. आम्ही दात येताहेत म्हणालो, दृष्ट काढली, डॉक्टर बदलले. न्यूमोनियाने गेली तेव्हा तिला बसताही येत नव्हतं. औषध मिळालं नाही की ही बाळं अशीच भराभर खंगतात, हे मला फार उशिरा कळलं.

नागपुरात, सदर भागात प्रशांतला वायरिंगच्या दुकानात काम मिळालं. भाड्याच्या खोलीत शेजारणी विचारायच्या, पोराले पाणी काहून नाही पाजत? मी "डॉक्टरनं मना केलं" म्हणायला शिकले. शहरात डॉक्टरचं नाव घेतलं की बाया गप्प होतात, गावात डॉक्टरच्या वर सासू असते. पण भीती माझ्याबरोबरच राहायला आली होती. सम्यकच्या ओठावर दूध वाळलेलं दिसलं तरी मी घाबरून त्याचं तोंड उघडून बघायची. पहिली तपासणी चांगली आली, पण दूध सुरू आहे तोवर खात्री नाही, असं मॅडमनी बजावलं. दीड वर्षाचा झाल्यावर शेवटची तपासणी झाली. त्याला काही नव्हतं. मी तिथेच बाकावर बसून मोठ्याने रडले.

मग गावी जाऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. माझा पेला वेगळा ठेवतील, अशी तयारी करूनच गेले होते. त्यांनी सम्यकला जवळ ओढून घेतलं.

"मंग प्रज्ञाले बी हेच होतं का वं?"

मी हो म्हटलं.

"हे औषध तेव्हा भेटत होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण घर सोडल्यापासून मी त्यांच्याशी खोटंच बोलत आले होते. "भेटत होतं, आई. नागपुरात."

"प्रज्ञा पोटात होती तेव्हा मीच म्हटलं होतं तुले," त्या हळूच म्हणाल्या, "धानाची रोवणी आटोपली का जाऊ दवाखान्यात."

तुमचा काय दोष, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही.

घर कुठलं, असं कोणी विचारलं तर मी अजून कुहीच सांगते. सणावाराला जातो, जेवतो, आणि दिवस मावळायच्या आत परत निघतो. सासूबाई राहा म्हणत नाहीत.