रुमालाखाली ठरलेला अँप्लिफायर

मारोतकाकांनी पहिला अँप्लिफायर दोन्ही हातांनी वीतभर उचलला, क्षणभर तोलून पाहिला आणि खाली ठेवला. मग दुसऱ्याला हात घातला. तो जागचा हलेना.

"हा घेऊ," ते म्हणाले. "हा भारी हाये."

"काका, अजून मी प्लगसुद्धा लावलेला नाही."

"लावा ना मंग. नाई कोण म्हणते? पण मले समजलं."

काकांची भैंसा गावात जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. सगळा जन्म वजनकाट्याशेजारी गेलेला. आणि खरं सांगायचं तर त्यांचा अंदाज अगदीच वेडगळ नव्हता. चांगल्या अँपमधला ट्रान्सफॉर्मर जड असतो, त्यामुळे जड पेटी बरेचदा चांगलीच निघते. हे मी त्यांना सांगितलं नाही. आधीच आत्मविश्वास भरपूर होता.

मी अदिलाबादला ऑडिओचं काम करते. घरातल्या स्टिरिओपासून मंगल कार्यालयातल्या साउंडपर्यंत सगळं. नवीन गिऱ्हाईक पहिल्या भेटीत हमखास विचारतं, "तुमचे मिस्टर कधी येतील?" मिस्टर बँकेत आहेत. त्यांना घरचा फ्यूज बदलता येत नाही. काकांनीही तेच विचारलं होतं, पण उत्तर ऐकून इतके हसले की तिथेच आमचं जमलं.

काकांकडे मोठे उभे स्पीकर होते आणि एक उत्तम प्री-अँप. दोन्ही जावयानं हैदराबादहून आणून दिलेले. प्री-अँप म्हणजे मुनीम समजा. कोणतं गाणं, किती आवाज, किती बारीक सूर, हे तो ठरवतो, पण ओझं उचलत नाही. ओझं उचलतो तो हमाल, म्हणजे पॉवर अँप. तोच स्पीकरला ढकलतो. काकांचा हमाल अशक्त होता. त्यांचे स्पीकर चार ओहमचे, म्हणजे करंट जास्त ओढणारे. अर्ध्या तासात अँप तापायचा आणि बंद पडायचा. तेव्हा नवीन पॉवर अँप लागणारच होता, त्यात वाद नव्हता.

वाद आवाजाचा होता.

"आवाज मेलेला हाये," काका म्हणाले. "गोधडीतून गाणं म्हणल्यासारखा. कितीबी वाढवा."

मी पाहिलं तर प्री-अँपचा ट्रेबल, म्हणजे बारीक सुरांचं बटण, शेवटपर्यंत फिरवलेलं. इतका ट्रेबल असताना आवाज मेलेला कसा? मी मनात म्हटलं, अँपनंच माती खाल्ली असणार.

"आन् दुसरी गोष्ट सांगू काय?" काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला, म्हणजे त्यांच्या मते उतरवला. "तुमची काकू पहिले रोज संध्याकाळी माझ्यासंगं बसत जाये गाणे आयकाले. आता गाणं लावलं का उठून जाते. मशीन चांगली आली का येऊन बसन. मले तेवढंच पायजे, ताई. पैशाचं पाहू नका."

पैशाचं पाहू नका हे वाक्य आमच्या धंद्यात वारंवार ऐकू येत नाही. पण त्या दिवशी माझं लक्ष त्याच्या आधीच्या वाक्याकडे गेलं. एवढा मोठा माणूस बायकोला बाजूला बसवायला अँप्लिफायर विकत घेत होता.

मी ट्रायल लावली. आमच्याकडे ट्रायलचे काही नियम असतात. दोन्ही अँपचा आवाज मीटरनं मोजून सारखा ठेवायचा, कारण जो जरा मोठा वाजेल तोच माणसाला चांगला वाटतो. ट्रेबलचं बटण मधोमध आणायचं. आणि खोलीत दुसरा आवाज नको. उन्हाळा ऐन भरात होता. मी कूलर बंद करायला सांगितला, तेव्हा काकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरले नाही.

काका एकटे ठरवणार नव्हते. त्यांनी पंच बोलावले होते. एक किसनराव, जिनिंगमध्येच बसून कापसाचे सौदे करणारे अडते, दुसरा जिनिंगचा फिटर पोशन्ना. दोघंही काकांच्याच वयाचे, दोघंही घामानं निथळत होते, पण जबाबदारी गंभीरपणे घेऊन बसलेले.

"मत कसं द्यायचं?" मी विचारलं.

किसनरावांनी खांद्यावरचा रुमाल काढला. "जसा सौदा होते तसंच."

जुने अडते कापसाचा भाव तोंडानं बोलत नसत. दोघं रुमालाखाली हात घालत, बोटं दाबून भाव ठरवत, आणि बाजूच्या माणसाला पत्ता लागत नसे. आता यार्डात उघड लिलाव होतो, फोनवर भाव येतो. पण या तिघांना महत्त्वाचं काही ठरवायचं झालं की रुमाल लागतोच. एक बोट म्हणजे लहान अँप, दोन बोटं म्हणजे मोठा, मूठ म्हणजे सौदा नाही. रुमालाखालचा दुसरा हात माझा.

मी एकच गाणं दोन्ही अँपवर वाजवलं. मला दोन्ही सुरेख वाटले. फरक होता, पण उन्नीस-बीसचा. मग रुमालाखाली हात घातला. किसनराव, मूठ. पोशन्ना, मूठ. काका, मूठ, तीही जोरात.

"दोनीबी मेलेले," काकांनी निकाल जाहीर केला.

"आवाज वच्चिंदी, लेकिन साफ नाई," पोशन्नानं तीन भाषांत दुजोरा दिला, म्हणजे आवाज आला, पण साफ नाही.

माझा चेहरा पडला. दोन जड पेट्या अदिलाबादहून गाडीत घालून आणल्या होत्या. तेवढ्यात काकू पन्ह्याचे ग्लास घेऊन आल्या. ग्लास ठेवले आणि परत जायच्या ऐवजी दारातच थांबल्या. मग डाव्या स्पीकरजवळच्या खुर्चीवर टेकल्या.

"आज काऊन गोड वाटून राह्यलं हे?" त्या म्हणाल्या.

"गोड?" काका उसळले. "मेला आवाज हाये हा!"

"मेला नाई काई. रोज तर सुया टोचते कानात. आज नाई टोचून राह्यल्या."

मी तिघा पंचांकडे पाहिलं. अडत, फिटिंग, मालकी. कामं वेगळी, पण तिघांचे कान एकाच जिनिंगमध्ये गेलेले. सीझनभर चालणाऱ्या त्या यंत्रांजवळ माणसं खुणेनं बोलतात. हा विचार मला तासभर आधी यायला हवा होता.

फोनमध्ये माझ्याकडे सूर काढणारं एक ॲप असतं. जाड्या सुरापासून सुरू होतं आणि शिट्टीसारखं बारीक होत जातं. मी म्हटलं, "आता स्पीकरची आणखी एक परीक्षा. सूर ऐकू येतोय तोवर माझं बोट दाबून ठेवायचं. थांबला की सोडायचं. रुमालाखालीच."

किसनरावांचं बोट निम्म्या वाटेतच सुटलं. पोशन्नाचं त्याच्याही आधी. काकूंचं जवळजवळ माझ्याइतकंच टिकलं. मग काकांची पाळी. सूर चढत गेला, काकांचं बोट घट्ट. आणखी चढला, तरी घट्ट. मला शंका आली. मी सूर बंद केला.

काकांचं बोट दाबलेलंच. चेहरा एखाद्या दर्दी माणसासारखा, मान हळूहळू डोलतेय. पक्का व्यापारी. समोरच्यानं जेवढा भाव लावला त्याच्या वर जायचंच.

काकूंनाही कळलं होतं. मी रुमालाखाली हलकेच मूठ मिटली. काकांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"बंद हाये काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"केव्हाचा, काका."

किसनराव आणि पोशन्ना पन्हं पीत होते. त्यांना हे ऐकू जायचा प्रश्नच नव्हता.

मग मी समजावून सांगितलं. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की कानातून आधी बारीक सूर जातात. जाडे आवाज ऐकू येत राहतात, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. त्याला वाटतं मशीन मेली. तो ट्रेबल वाढवतो. त्याला जरा बरं वाटतं आणि बाजूच्याच्या कानात सुया जातात. अँप्लिफायर कितीही भारी घेतला तरी हे बदलणार नाही.

काकांनी ट्रेबलच्या बटणाकडे पाहिलं. मग काकूंना म्हणाले, "म्हून उठून जात होतीस काय? मले वाटलं, माझ्यासंगं बसाचा कटाळा आला तुले."

"अन् मले वाटलं, मी बसलेली तुमाले नाई पायजे," काकू म्हणाल्या. "मी आली का तुमी मुद्दाम वाढवता."

मला तिथे उगाच वायर गुंडाळत बसावं लागलं. गिऱ्हाइकासमोर डोळे पुसणं बरं दिसत नाही.

लहान अँप ठरला. चार ओहमचं ओझं तो आरामात उचलत होता. मोठा त्यांच्या प्री-अँपला जोडला असता तर आवाजाचं बटण जरा फिरवताच भिंती हलल्या असत्या. काकांनी मोठ्या पेटीकडे एकदा हळहळून पाहिलं. पण कानाच्या डॉक्टरचं नाव काढताच ते ताठ झाले. "कानात मशीन? मी काय म्हातारा हाये? बजारात लोक हासतीन."

काकूंनी किसनरावांचा रुमाल ओढून घेतला, काकांच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला. बराच वेळ काहीतरी चाललं. काकांनी दोनदा मान हलवली, एकदा "आं?" म्हणाले, आणि मग तयार झाले. काय सौदा झाला ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढे काकांच्या कानाला मशीन लागल्याचं कळलं. मग एक दिवस त्यांचा फोन आला.

"ताई, तुमचा अँप बिघडला. डाव्या बाजूनं बारीक आवाज येते. गाणं चालू हाये तोवर येते, बंद केलं का बंद."

हा फॉल्ट माझ्या ओळखीचा नव्हता. गेले. कूलर बंद, ट्रेबल मधोमध, सगळं तपासलं. डावी केबल बदलली, उजवा स्पीकर डावीकडे लावला. गाणं वाजवलं, पण तो बारीक आवाज काही येईना.

"पहिले होता तसं लावून पाहा," काका म्हणाले. "अन् काकूले बसू द्या, चहा घेऊन उभी हाये ते केव्हाची."

काकू त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर, डाव्या स्पीकरजवळ बसल्या. मी गाणं लावलं. दोन ओळी झाल्या असतील.

"हा पाहा! आला!" काका ओरडले.

काकू ओठ मिटून गुणगुणत होत्या. इतकं बारीक, की त्यांचं त्यांनाही माहीत नसावं. लग्न झाल्यापासून गुणगुणत असतील.

"सापडला काय फॉल्ट?" काकांनी विचारलं.

मी काकूंकडे बोट दाखवलं. त्यांच्याकडे पाहत काकांनी हात लांब करून व्हॉल्यूम कमी केला. मग आणखी कमी केला. शेवटी स्पीकरमधून जेमतेम काही येत होतं. इतक्या आवाजाला कुठलाही अँप चालला असता, जुना अशक्तसुद्धा.

तेव्हापासून अँप्लिफायर सुचवण्याआधी मी वॉट आणि ओहमच्या अगोदर एक प्रश्न विचारते. शेजारी कोण बसतं?