भूतानला जायचा कौल

आमच्या घरात सुट्टी म्हणजे गाव. गणपतीला गाव, शिमग्याला गाव, मे महिन्यात गाव. याच्यापलीकडेही लोक कुठे कुठे जातात, हे मला कॉलेजात कळलं. दिवाळीनंतर वर्गातल्या मुली एकमेकींना फोटो दाखवायच्या. कोणी मनालीला जाऊन आलेली, कोणी केरळला. मला विचारलं, तू कुठे गेलीस गं? मी म्हटलं, गावाला. पुढच्या वर्षीही तेच उत्तर. त्यानंतर कोणी विचारलंच नाही.

मला त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मला आमचं गाव आवडतं. पण मोठी झाल्यावर एक गोष्ट दिसायला लागली आणि एकदा दिसल्यावर ती दिसायची थांबेना. गावाला पोचलो की बाबा हातपाय धुऊन ओट्यावर बसायचे आणि गप्पा, म्हणजे आमच्या गजाली, सुरू. आई मात्र मागच्या दाराने थेट चुलीपाशी. मुंबईची वहिनी आली म्हणजे बाकीच्या बायकांना तेवढीच उसंत. घर माणसांनी भरलेलं, भाकऱ्या थापून संपायच्या नाहीत. मुंबईत, कांजूरच्या घरी परत आल्यावर आई पाठ शेकत बसायची आणि बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "मस्त आराम झाला यंदा."

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी लाजत सांगत नाही, लाजायचं काही कारणही नाही. बाबांनी माझी डिग्री फ्रेम करून टीव्हीच्या वर लावली, गावच्या देवाच्या फोटोशेजारी. मात्र त्याचा त्रास असा, की तेव्हापासून घरात काहीही अडलं की माझ्याकडे बघतात. बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली तरी, "तू ग्रॅज्युएट ना? बघ काय झाला ता." मी कॉमर्सची आहे.

तर नोकरी पक्की झाल्यावर मी एका रविवारी आईला विचारलं, तुला कुठे फिरायला न्यायचं? ती तिसऱ्यांच्या शिंपल्या फोडत बसली होती. खिडकी बंद, कारण वारा कचऱ्याच्या डम्पिंगकडून होता. तिने मान वर न करताच सांगितलं, "जंय माका कोण रांदूक सांगूचो नाय, थंय."

मी हसले. ती पण हसली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि थंड आसला तर बरा."

माझ्या डोक्यात ते राहिलं. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला ऑफिसला जाताना मी मोबाइलवर जागा शोधत बसायचे. शेवटी भूतान सापडला. लहानसा देश, सगळा डोंगरांचा, थंड. मुख्य म्हणजे पासपोर्ट नसला तरी आपल्या लोकांना मतदान कार्डावर जाता येतं. आईबाबांकडे पासपोर्ट नव्हता, पण मतदान कार्ड म्हणजे त्यांचा जीव. एकही मतदान न चुकवलेली माणसं. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे भायरचो देश, पण आपला कार्ड चालता?" आणि कपाटातून कार्ड काढून ते नव्याने बघितलं, जणू एवढी वर्षं त्याची लायकीच कळली नव्हती.

मुलुंडला सहली नेणाऱ्या एका बाईंचं छोटं ऑफिस आहे, तिथे आम्ही तिघं गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. भिंतीवर डोंगरांचे फोटो, आणि एकात अगदी कड्याला चिकटून बांधलेला मठ. बाबा त्या मठाकडे बघत म्हणाले, "सामान वर कसा नेल्यानी असतला?" मग खुर्चीत बसून बाईंना पहिला प्रश्न केला, "परत यायचं तिकीट आधीच काढतात ना?"

"हो काका, दोन्ही एकदमच. राहणं, फिरणं, नाश्ता, जेवण, सगळं इन्क्लुडेड."

आईने विचारलं, "सकाळचा चहा पण?"

"हो काकी, चहा पण."

"म्हणजे मला पण करून देणार?"

बाई हसल्या. त्यांना वाटलं काकी गमतीशीर आहेत. मला हसू आलं नाही. मी तिथेच ठरवलं, काही झालं तरी ही सहल होणार.

बाहेर रस्त्यावर आलो. रिक्षाला हात करता करता बाबा म्हणाले, "सगळा बरा आसा. आता कौल लावया."

कौल म्हणजे आमच्याकडचा शेवटचा शब्द. गावच्या देवळात गुरव देवाच्या ओल्या पाषाणाला दोन्ही बाजूंना फुलाचे कळे चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो आणि सगळे वाट बघत उभे राहतात. उजवा कळा पडला तर देवाचा होकार, डावा पडला तर नकार. आमची कांजूरची खोली कौल लावून घेतलेली आहे. माझं कॉलेजही. ऑफिसात हे सांगितल्यावर एकीने मला विचारलं होतं, तू एवढी शिकलेली, तुझा यावर विश्वास आहे? मी सांगितलं, माझ्या बाबांचा आहे आणि मला त्यांना घेऊन जायचंय. एवढं उत्तर तिला पुरलं नाही. मला पुरतं.

पुढच्या रविवारी सकाळी गावच्या देवळातून व्हिडिओ कॉल आला. तिकडे फोन थोरल्या काकीच्या हातात, त्यामुळे निम्मा वेळ आम्हाला तिचा अंगठाच दिसत होता. बाबा अंघोळ करून, डोक्यावर टोपी घालून सोफ्यासमोर उभे. मी त्यांच्या बाजूला. आई आत भाताच्या कुकरपाशी. गुरवकाकांनी घसा साफ केला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," आम्ही इकडून.

बाबांचे डोळे कळ्यांवर. माझेही. गुरवकाका सुरात बोलत होते, मधूनच नेट अडकत होतं, चित्र थिजत होतं आणि पुन्हा सुटत होतं. आम्ही योग्य जागी व्हय म्हाराजा म्हणत होतो. गाऱ्हाणं संपलं. बराच वेळ दोन्ही कळे तसेच. मग डावा सुटला आणि खाली पडला.

बाबांनी टोपी काढली, घडी घातली आणि खिशात ठेवली. "देव नाय म्हणता," एवढंच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं दिसत होतं, पण खरं सांगायचं तर थोडी सुटकाही होती.

माझ्या तोंडाशी बरंच काही आलं होतं, गुरुत्वाकर्षण वगैरे. तेवढ्यात आई ओल्या हातांनी बाहेर आली.

"गुरवांनी काय इचारल्यानी, ता कोण आयकलात?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आम्ही कळे बघत होतो. शब्द कोण ऐकतं, गाऱ्हाण्याचे शब्द ठरलेलेच असतात.

"मी आतून आयकलंय," आई म्हणाली. "लेकरू घरदार सोडून परमुलखात पोटापाण्याक जाता, थंय ऱ्हवाक जाता, जावक दे म्हणान इचारल्यानी. ह्या वयात घर सोडून जावा म्हणान देव कसो सांगतलो? माका इचारल्यानी आसता तर मी पण नाय म्हटला आसता."

"खरा गो," बाबा म्हणाले आणि टोपी पुन्हा खिशातून काढली.

चूक गुरवकाकांची म्हणावी तर तशी नव्हती. आमच्या गावातून माणूस बाहेर जातो तो नोकरीला. मुंबईला गेला तो नोकरीला, आखातात गेला तोही नोकरीला. नुसतं बघायला म्हणून परदेशात कोणी गेल्याचं गावात ठाऊकच नाही, मग गाऱ्हाण्यात तरी ते कुठून येणार. पुन्हा फोन लावल्यावर गुरवकाकांनाही तेच कोडं पडलं.

"नोकरी नाय, लगीन नाय, आजारपण नाय. मगे जातास कित्याक?"

"बघूक," बाबा म्हणाले.

"काय बघूक?"

बाबांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले. "तू ग्रॅज्युएट ना? सांग."

"डोंगर," मी सांगितलं.

"डोंगर?" तिकडून गुरवकाका. "आमच्याकडे काय कमी आसत?"

तेव्हा आईने हात पदराला पुसले, पदर डोक्यावरून घेतला आणि बाबांच्या हातातून फोन घेतला. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून ती गुरवकाकांशी कधी थेट बोलली नव्हती. देवळात बायका मागे उभ्या राहतात आणि बोलायचं ते पुरुष बोलतात.

"काका, तुमी देवाक असा सांगा," आई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच. "आमी तिगा फिराक जातो, बघून परत येतो. घर हंयच आसा. आणि थंय मी चुलीकडे जावचंय नाय. लगीन झाल्यापासून पयल्यांदाच. ता पण सांगा."

तिकडे अंगठ्याच्या मागे काकी खुदकन हसली. गुरवकाका हसले नाहीत. ते आपलं काम जाणणारे. "बरा," म्हणाले, नवे कळे लावले आणि पुन्हा पहिल्यापासून गाऱ्हाणं सुरू केलं. या वेळी आम्ही सगळे शब्द ऐकत होतो.

"...ही तुझी सून, हिणा आजपर्यंत तुझ्या लेकरांका रांदून घातल्यान. आता हिका थोडे दिस चुलीपासून सोडव, तेंका सुखान ने आणि सुखान परत हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यात मोठा आवाज काकीचा होता. बाबांचा व्हय म्हाराजा थोडा उशिरा आला, पण आला. आणि उजवा कळा असा पडला, की गुरवकाकांना हात पूर्ण मागे घ्यायलाही वेळ मिळाला नाही.

आई फोन बाबांच्या हातात देऊन कुकर बंद करायला गेली.

त्यानंतर तयारीचे दिवस झकास गेले. स्वेटर बिल्डिंगभर मागून झाले. आमच्याकडे होते ते मुंबईच्या थंडीचे, म्हणजे शोभेचे. चेंबूरच्या मामीने कानटोप्या पाठवल्या. मी आईला वाचून दाखवायचे, की तिकडे लाल तांदळाचा भात खातात आणि मिरचीची भाजी करतात, मसाल्याला म्हणून मिरची नव्हे, मिरचीचीच भाजी, चीज घालून.

"लाल भात? मगे ती आपलीच माणसा," आई म्हणाली. "रांदता कोण थंय? बायलो की बापये?"

मी शोधलं. नीट काही सापडलं नाही. म्हटलं, जाऊन विचारू.

एका संध्याकाळी पॅसेजमध्ये उभे असताना बाबा मात्र मला म्हणाले, "गो बाये, थंय माका वळखतलो कोण?"

आमच्या बाबांना गावात झाडंसुद्धा ओळखतात. ते कामाला होते ती गिरणी बंद पडली तेव्हा ते अगदी तरुण होते, त्यानंतर त्यांनी मिळेल ते काम केलं, आणि त्या सगळ्या वर्षांत कुठेही गेले तरी कोणी ना कोणी अमक्याचा मुलगा, तमक्या वाडीतला म्हणून विचारणारं भेटलंच. मी काही गोड बोलले नाही, मला जमत नाही.

"तिथे कोणी ओळखणार नाही, बाबा."

"मगे बोलूचा कोणाकडे?"

"आईशी बोला की."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी एखादी पुस्तकातली गोष्ट सांगितल्यासारखे.

निघायच्या आदल्या दुपारी मी बॅगा उचलून बघत होते. बाबांची बॅग हलेना. उघडली, तर स्वेटरांच्या खाली तांदळाची पिशवी, मालवणी मसाला, आणि प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला सुका जवळा, वाळवलेली बारीक कोळंबी. त्याच्या खाली आमची छोटी इलेक्ट्रिक शेगडी, वायर नीट गुंडाळून.

"अडीनडीक," बाबा म्हणाले. "दोन दिस थंयचा जेवलो, की आपला लागताच."

हे आमच्यात रक्तातच आहे. कोकणी माणूस जवळच्या लग्नाला गेला तरी एक पिशवी धान्याची नेतो. बाबांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. ते तिथे शिजवणार कोण, हा प्रश्नच त्यांना पडला नव्हता. आयुष्यात कधी पडायची गरजच आली नव्हती.

आई भांडली नाही. पलंगावर बसून शांतपणे म्हणाली, "गुरवकाकांक फोन लावा. देवाक सांगा, शब्द फिरवतो म्हणान."

बाबांनी तांदूळ बाहेर काढला. मग मसाला. मग शेगडी, तिची वायर सरळ करत. जवळ्याशी मात्र हात थांबला.

"जवळो तरी?"

"जवळो न्या," आई म्हणाली. "पण आत्ताच भाजून न्या. आणि भाजूचो तुमी."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी कॉमर्सची.

मग ते स्वयंपाकघरात गेले. तवा कुठे असतो, इथपासून सुरुवात झाली. आई पलंगावर पाय लांब करून, उशीला टेकून बसली होती आणि आतून एकेक प्रश्न येत होता. आग मोठी की बारीक? तेल आधी की नंतर? कांदा किती बारीक? ती तिथूनच सांगत होती, उठली नाही. एकदा तव्यावरून काहीतरी सांडल्याचा आवाज आला, तेव्हा तिचा पाय जमिनीवर यायला निघाला होता. मी बघितलं. तिने तो परत वर घेतला.

थोड्या वेळाने जवळ्याचा वास घरभर झाला, पॅसेजमध्येही गेला. शेजारच्या काकी दारातून डोकावल्या.

"वहिनी, वास काय सुटलाय. आज काय करताय?"

"मी खंय," आई उशी नीट करत म्हणाली, "मी भूतानाक गेलंय."