पदराआडचा ओठ

आमच्या घरात आजोबांचा एकही फोटो नाही. मी जन्मायच्या आधीच ते गेले. त्यामुळे गेल्या महिन्यात जुन्या मूकपटांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई पत्ता काढत रनाळ्याला आल्या आणि म्हणाल्या, "तुमचे आजोबा या सिनेमात नायिका आहेत," तेव्हा मला हसू आलं आणि मी चटकन त्यांना घरात घेतलं.

गोष्ट ठाऊक होती. वडील सांगायचे. एक सिनेमा कंपनी प्रेमकथा काढायला तोरणमाळला चढली. तेव्हा बायका पडद्यावर यायला तयार नसत, आणि नायिका झालेला तरुण हिवतापाने फणफणला. त्याला खाली पाठवावं लागलं. त्यात धुकं, कॅमेऱ्याला ऊन मिळेना, नायक रोज घरी निघून जायची धमकी देई. आजोबा कंपनीला पीठ-कांदे पोचवायचे. अंगाने सडपातळ, नाकीडोळी नीटस. दिग्दर्शकाने त्यांनाच लुगडं नेसवलं आणि मिशी उतरवली.

आमच्याकडे बाप वारला की मुलगा मिशी काढतो. एरवी त्या जागेला वस्तरा लागत नाही. आजोबा घरी परतले तेव्हा पणजोबा ओट्यावर बसलेले होते. त्यांनी तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "मी मरी गऊ का?" त्यानंतर मरेपर्यंत ते मुलाशी बोलले नाहीत.

पणजोबांचा हेकटपणा मी गावात रंगवून सांगायचो. आणि माझा मुलगा सुरतेच्या हॉटेलात नोकरीला लागून, तिथल्या नियमाप्रमाणे मिशी साफ करून आखाजीच्या सणाला दारात उभा राहिला तेव्हा मी काय म्हणालो? "मी आजून जित्ता शे ना?" तो न जेवता परत गेला. त्याची आई असती तर तिने मला तिथेच झापलं असतं. त्याला आता तीन वर्षं झाली. एकट्यासाठी पुरण कोण शिजवतं? आखाजीलाही खिचडी टाकतो आणि टीव्ही मोठ्याने लावतो, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला काही झाली नाही.

बाईंनी लॅपटॉप उघडला. अख्खा सिनेमा उरलेला नाही, चार-पाच मिनिटांचा तुकडा तेवढा आहे. नायिका तळ्याकाठी प्रियकराची वाट पाहते, रडते, पुन्हा वाट पाहते. पदर सारखा तोंडावर.

"काय सुंदर लाजलेत!" बाई म्हणाल्या.

आजोबा ओठ झाकत होते, हे त्यांना कुठून कळणार?

मग वाऱ्याने पदर उडाला. क्षणभर तो वरचा कोरा ओठ दिसला, खालचा दाताखाली धरलेला. तो माझ्या मुलाचा चेहरा होता. दारात उभा असताना त्यानेही खालचा ओठ असाच दाताखाली धरला होता.

बाईंना चहा दिला, बसपर्यंत सोडून आलो. मग ओट्यावर बसून फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"आप्पा? काय व्हयनं? तब्येत बरी शे ना?"

"जित्ता शे मी," मी म्हणालो. "तू जसा शे तसा घर ये."