रांगेतली निळी बादली

स्वीडनमध्ये मी आंदोलन केलं आणि ते यशस्वी झालं, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या वर्षीच्या दुष्काळात आमच्या नेकनूर गावाला टँकरचं पाणी होतं. रांगेत रिकामी घागर ठेवली की नंबर लागला. माणूस खुशाल घरी जावो. पाण्यावरून डोकी फुटली, पण दुसऱ्याच्या घागरीला कुणी हात लावला नाही! (लावायचा तो फक्त दूध सोसायटीचा चेअरमन. त्याच्याविरुद्ध मी इतकी पत्रकं काढली की मला पाहताच प्रेसवाला शाई कालवायला घ्यायचा.)

अशात ताईच्या बाळंतपणासाठी आई आणि मी स्वीडनला, गोथेनबर्गला गेलो. ताईची इमारत सहकारी. कपडे धुण्याची यंत्रं तळघरात, सगळ्यांत मिळून. ताईने तिथली पद्धत पहिल्याच दिवशी सांगितली. पण मी तेव्हा आईला सहकारातला भ्रष्टाचार समजावत होते.

बाळाच्या दुपट्यांचा ढीग झाला. आईने सकाळीच तळघराच्या दाराशी निळी बादली ठेवली. चहा पिऊन जातो तर आत दुसऱ्याचे कपडे गरगरतायत, आणि बादली आमच्या दारात!

“कावून गं? नंबर तर आपला होता!” आई म्हणाली.

“होता! खाल्ला कुणीतरी!”

दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या खेपेला तर बादलीत सफरचंदं!

“लाच!” मी कडाडले. “पाणी अडवायचं अन् फळं वाटायची!”

“लई गोड हायेत पण,” आई चावत म्हणाली.

“भांडू नको गं बाई,” ताई काकुळतीला आली. “घर सोसायटीचं हाय. बाळाला शेवटचं दुपटं उरलंय, दोन-चार हातानं धू.”

हातानं? कदापि न्हाई! मी फोनवर स्वीडिश भाषांतर करून मजल्यामजल्यावर पत्रक चिकटवलं : ‘रांगेतली बादली हटवणाऱ्यांनो, जाब द्या!’

बैठक बोलावली गेली. अध्यक्ष इंग्रिडबाई स्वतःच कॉफी ओतत होत्या. (चेअरमन आणि कॉफी ओततो? ढोंग!) त्या शांतपणे बोलल्या, ताईने मान खाली घालून भाषांतर केलं. तळघरात वार आणि वेळांचे रकाने असलेला एक फळा आहे. प्रत्येक घराचं एक छोटं कुलूप. हव्या त्या वेळेवर ते अडकवलं की नंबर लागला. बादलीला कुणी अडखळू नये म्हणून त्या ती घरपोच करत होत्या. सफरचंदं बाळंतिणीसाठी होती.

मी कॉफीच्या कपात तोंड लपवलं.

“पण मुद्दा बरोबर आहे,” इंग्रिडबाई म्हणाल्या. “नव्या माणसांकडे कुणीतरी बघायला हवं. फळ्याची जबाबदारी तुम्हीच घ्या!”

टाळ्या!

दुसऱ्या सकाळी मी पदभार स्वीकारला. शनिवारची सकाळ सगळ्यांनाच हवी असते. तिथे आमचं कुलूप लावलं. (बाळ आहे. अपवाद असतोच.) त्याच्या पुढच्या शनिवारीही लावलं. मग त्याच्याही पुढच्या. कुणी विचारलं तर मी गंभीर चेहऱ्याने ‘नियम’ म्हणे.

महिनाभराने आई तळघरातून हसत वर आली. “चेअरमनबाई, रांगेला कुणाची तरी लाल बादली आलीय!”

वरच्या मजल्यावरच्या आजोबांची होती. बहुधा माझं पत्रक त्यांनी मनापासून वाचलं होतं. मी इकडेतिकडे पाहिलं, बादली उचलली आणि गुपचूप त्यांच्या दारात नेऊन ठेवली.

बादलीत सफरचंद मात्र एकही ठेवलं नाही.