सावलीत ठेवलेली आगबोट

आमच्या नावेला सगळे आगबोट म्हणायचे. होती काय, तर दहा-पंधरा माणसं आणि एखादी सायकल मावेल एवढी लाकडी नाव. धरणात गाव जायच्या आधी आम्ही घर उतरवलं, तेव्हा माळवदाच्या सागवानी फळ्या निघाल्या. त्याच फळ्यांची आमच्या ह्यांनी नाव बांधून घेतली आणि विहिरीवरचं डिझेल इंजिन तिच्यावर बसवलं. विहीर तशीही बुडणारच होती. ते इंजिन इतका काळा धूर ओकायचं, की धुतलेलं लुगडं नेसून बसायची सोय नव्हती. मी करवादायचे, "लोकायले पलीकडं नेता का धुरी देता?" हे नुसते हसायचे.

नवं गाव या काठाला, उरलेली शेतं त्या काठाला. खताच्या गोण्या, भाकरी, नव्या नवऱ्या, सगळं आगबोटीतून जायचं. मध्ये बुडालेल्या गावावर आलो की हे इंजिन बंद करायचे. खाली मारुतीचं देऊळ होतं. देवाच्या डोक्यावरून चपला घालून कसं जायचं? सगळे चपला काढायचे, हात जोडायचे. बांगड्या विकणारे चाचासुद्धा काढायचे. मी एकदा विचारलं, "चाचा, तुम्ही काऊन?" तर म्हणाले, "गाव तो हमारा बी था ना, भाबी."

बैल विकलेले होते. पोळ्याला हे नावेच्या नाकाला गेरू लावायचे, गोंडे बांधायचे आणि पुरणपोळीचा घास पाण्यात सोडायचे. लोक हसायचे. हसेनात का!

मग पूल झाला. एसटी पुलावरून यायला लागली आणि आगबोटीत उरलो आम्ही दोघंच. हे म्हणाले, "लय राबली. आता बसू दे तिले सावलीत." म्हाताऱ्या बैलाला ठेवतात तसं तिला ट्रॅक्टरनं ओढून रिकाम्या गोठ्यात आणलं. वर ताडपत्री घातली. पावसाचा थेंब लागू द्यायचे नाहीत. उन्हाळ्यात बाजही तिच्याजवळच टाकायचे. सवतच आणून ठेवली होती मेली!

काही वर्षांनी ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं. मग एकच धोशा, "मले एकडाव गावावरून ने." पुलावरून जुनं गाव लागत नाही, ते वळणाच्या आड राहिलं. मी म्हटलं, नेते. आपली आगबोट आहे की!

लेकानं आणि पुतण्यानं नाव काठावर नेली. ह्यांना खुर्चीत बसवून पाण्याजवळ आणलं. घरूनच अनवाणी निघाले होते, चपला माझ्या पिशवीत. इंजिन नीट चालतं का ते बघायला पोरांनी आधी रिकामी नाव पाण्यात लोटली. जरा आत गेली आणि फळ्याफळ्यांतून पाणी यायला लागलं. एवढी वर्षं कोरडी राहून लाकूड आकसलं होतं, सांधे उघडले होते. पोरांनी डब्यानं उपसून पाहिलं, शेवटी उड्या मारून पोहत आली. इंजिनाच्या भारानं नाव मागून बसत गेली आणि बुडाली.

काठावरचा एक जण म्हणाला, "आठ दिवस उथळ पाण्यात भिजू द्या लागत होती." मी त्याच्यावर खेकसले, "मग आधी तोंडात काय धरलं होतं?" त्याचा तरी काय दोष म्हणा. आम्ही शेतकरी माणसं. जीव लावला की सावलीत बांधायचं, एवढंच आम्हाला ठाऊक.

"म्याच मारली तिले," हे म्हणाले. आता परतायचं म्हणून मी पिशवीतून चपला काढून ह्यांच्या पायात घालायला वाकले, तर ह्यांनी उजवा पाय मागे ओढला.

"थांब. इथूनच हात जोडतो."

उजवा हात वर आला. डावा मांडीवर तसाच पडून होता. मी ह्यांच्या डाव्या अंगाला बसले आणि माझा हात ह्यांच्या उजव्या हाताला जोडला. ह्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी माझ्या चपला काढल्या.