नवरा, मराठीत

‘माझा नवरा’ हे दोन शब्द उच्चारण्याआधी समोरच्याचा चेहरा तुम्हाला कधी वाचावा लागला आहे का? लागला नसेल, तर तुम्हाला न मागता मिळालेल्या एका गोष्टीबद्दल मी इथे लिहितो आहे.

हा ब्लॉग सुरू करायला बसलो ती एका रविवारची दुपार होती. आयर्लंडमधल्या मलिंगार गावी, आमच्या स्वयंपाकघरात टेबलावर लॅपटॉप, आणि शेजारी पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेली आई. नवरा हॉस्पिटलात ड्यूटीवर होता. तो इथलाच, आयरिश. आमचं लग्नही इथेच, रीतसर नोंदवून झालेलं. मी पहिलं वाक्य लिहिलं: ‘मी आणि माझा नवरा मलिंगारला राहतो.’ आईने चष्मा लावून ते वाचलं.

“जोडीदार लिही ना,” ती म्हणाली. “चांगला शब्द आहे.”

“चांगलाच आहे. पण माझं लग्न झालंय.”

“मग इंग्रजीत लिही. इंग्रजीत काहीही खपतं.”

यावर मी भाषण केलं. मी पत्रकांच्या घरात वाढलो. बाबा चळवळीतले, शाळेतून आलो की आधी पत्रकांच्या घड्या घालायच्या, मग जेवायचं. बाबा सांगायचे, खाली नाव नसलेलं पत्रक म्हणजे आडून मारलेला दगड. म्हणून या ब्लॉगवर माझं नाव आहे. इतरांची नावं माझ्या मालकीची नाहीत, ती देणार नाही. पण जी गोष्ट मी माझ्या आईच्या भाषेत सांगत नाही, ती मी उघडपणे सांगितलीच नाही असं मी मानतो. हे सगळं मी तिला सुनावलं, तेही आवाज चढवून.

ती म्हणाली, “तुझे बाबा पत्रकं वाटून पुढच्या गावाला जायचे. जिन्यात लोकांना तोंड मी द्यायचे. आता तू इथे बसून लिहिणार. परत जाऊन त्या सोसायटीत मलाच राहायचंय.”

मी एवढंच म्हणालो, “तू हो म्हणाल्याशिवाय टाकणार नाही.” ती उठली आणि तिने चहाचं आधण ठेवलं.

आई पुण्याहून फोन करायची तेव्हा नवऱ्याविषयी नेहमी एकच प्रश्न असायचा: “ते आलं का कामावरून?” ‘आला’ म्हटलं तर तो घरातला मुलगा होतो. ‘आले’ म्हटलं तर जावई. ‘आलं’मध्ये काहीच कबूल करावं लागत नाही, पार्सलही आलंच म्हणतो आपण. मला ते टोचायचं, पण मी कधी बोललो नव्हतो. फोन स्पीकरवर असायचा आणि नवरा शेजारी बसून मराठी शिकत होता, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

त्या दुपारी आधण उकळत होतं तेवढ्यात दार उघडलं. ओला कोट काढत तो आईकडे बघून मराठीत म्हणाला, “मी आलं.”

“आलं चहात घालतात,” आई म्हणाली आणि तिला हसू आवरेना.

तो स्वतःला काय म्हणाला ते मी त्याला समजावलं. इंग्रजीत लाल केसांच्या माणसाला ‘जिंजर’, म्हणजे आलंच म्हणतात. त्याने आपल्या तांबड्या डोक्यावरून हात फिरवला. “ग्रँड. खरंच तर आहे,” तो त्याच्या इंग्रजीत म्हणाला.

आईने त्याला विचारलं, हे कुणी शिकवलं?

“तुम्हीच. फोनवर.”

तिचं हसू थांबलं. कप समोरच होते, तरी ती कपाट उघडून बराच वेळ शोधत राहिली. मग वळली आणि एकेक शब्द सुटा करत त्याला म्हणाली, “आलं नाही. मी आलो. तुम्ही आलात. ते आले.”

त्याने म्हणून दाखवलं. ‘ते आले’ तिने पुन्हा एकदा म्हटलं. त्या वेळी ती त्याच्याकडे बघत नव्हती.

चहा झाल्यावर ती मला म्हणाली, “नवराच राहू दे. आणि मी इथे आहे तोवरच टाक. ज्यांना बोलायचंय ते फोनवर बोलतील.”

मी तो पहिला लेख टाकला. पुण्याहून आईला सोसायटीतल्या बायकांचे फोन आले. एकीने थंडी किती आहे विचारलं, दुसरीने परत कधी येतेस विचारलं. सगळ्यांनी वाचलं होतं. त्यांच्या जपून बोलण्यावरून ते कळत होतं. शिव्यांसाठी आई तयार होती, उत्तरंही योजून ठेवली होती. हे मात्र तिला झेपलं नाही.

“एकमेकींच्या जावयांच्या गुडघेदुखीपर्यंत चौकशी करतात,” ती म्हणाली. “माझा नंबर लागला की हवामान.”

ती आता पुण्याला परतली आहे. अशी एखादी आई तुमच्याही इमारतीत किंवा नात्यात असेल. आज तिला फोन करा आणि विचारा, “जावई काय म्हणतात?” मुलीची आई असेल आणि त्या मुलीचा संसार मुलीशी असेल, तर सुनेचं विचारा. तिला उत्तर द्यायला वेळ लागेल. तोवर फोन ठेवू नका.