मंडपासाठी थांबवलेली नदी

सरकारी पाहणी कशी करायची असते, हे मला नवा रायपूरच्या आमच्या कार्यालयाने नीट शिकवलं आहे. आधी गाड्या, मग खुर्च्या, मग नाश्ता आणि वेळ उरलाच तर जे पाहायचं ते.

अभनपूरच्या पुढे नदीकाठी केवटांचा पारा, म्हणजे वस्ती आहे. मासेमारीवर जगणारी माणसं. त्यांचा अर्ज दोन वर्षं आमच्या कपाटात पडून होता आणि मागणी एका ओळीची होती: वीज करायला वरच्या धरणातून पाणी सोडाल, त्याच्या दोन तास आधी आम्हाला कळवा. ते पाणी कधी पहाटे येतं, कधी भर दुपारी. आलं की बायकांनी उथळ धारेत लावलेले चोरिये, म्हणजे बांबूचे सापळे, वाहून जातात. बंद झालं की दगडगोट्यांना चिकटलेली माशांची अंडी उन्हात वाळतात आणि डबक्यांत अडकलेली पिलं बगळे टिपतात. चढणीचा मासा तर भिंतीपाशीच अडतो, वर जायला त्याला वाट कुठे आहे?

यावर आमचं पहिलं उत्तर असं की, विभाग दरवर्षी धरणाच्या जलाशयात बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिलं, सोडतो. जलाशय ठेकेदाराकडे आहे आणि अर्जदार भिंतीच्या खाली नदीत उभे आहेत, एवढी साधी गोष्ट चार सह्या करणाऱ्यांपैकी एकाच्याही लक्षात आली नाही. दुसरं उत्तर असं की, पाण्याची वेळ विजेच्या मागणीवर ठरते, ती आधी सांगणं किंवा बदलणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे. हे उत्तर तीनदा गेलं. तिन्ही वेळा टाइप मीच केलं, एकही चूक न करता.

शेवटी पाहणी ठरली. साहेब म्हणाले, "मैडम, आप देख लेना." मी यादी केली. यादीशिवाय मी भाजीलाही जात नाही. मंडपवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "दीदी, रेत में पंडाल गाड़ दूँ और ऊपर से पानी आ गया, तो सोफे कौन निकालेगा?" मुद्दा बरोबर होता. मी यादीत आणखी एक ओळ घातली आणि धरणावर फोन लावला.

"कितने बजे तक बंद रखना है?" तिथल्या माणसाने विचारलं.

"दो बजे तक."

"ठीक है."

अर्ध्या मिनिटात काम झालं. मी ओळीपुढे टिक केली.

पाहणीच्या दिवशी नदी परातीतल्या पाण्यासारखी निवांत होती. साहेब बूट न भिजवता काठावर उभे राहिले. "कहाँ है आपका पानी? यहाँ तो बच्चे खेल लें."

पाऱ्याच्या बायकांची पुढारी समोरच उभी होती. आदल्या वर्षी अचानक पाणी चढलं तेव्हा ती टोपलीसकट नदीच्या मधल्या खडकावर अर्धा दिवस अडकली होती. ती म्हणाली, "आज नइ आए हे साहब. काली आहू."

"कल? कल तो मेरी मीटिंग है," असं म्हणून साहेब हसले आणि समोशांकडे वळले. बाकीचे अधिकारी त्यांच्या पाठोपाठ हसले आणि त्यांच्या पाठोपाठ वळले.

अहवालात आलं: पाहणीच्या वेळी पाण्याच्या पातळीत अचानक बदल आढळला नाही. त्याखाली मी एक ओळ घातली, की या कार्यालयाच्या विनंतीवरून त्या दिवशी पाणी बंद ठेवलं होतं. साहेबांनी ती लाल पेनाने खोडली. "मैडम, ये तो अरेंजमेंट है. इसकी क्या ज़रूरत?" आणि मी ती काढली. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "बरं केलं. तुले काहून फसायचं आहे?" मलाही ते पटलं. इतरांना नावं ठेवताना हे मी विसरत नाही.

आठवड्याने पाऱ्यातली ती पुढारी बाई दोघींना घेऊन अहवालाची प्रत न्यायला कार्यालयात आली. मी वाचून दाखवलं. तिने एकच प्रश्न विचारला, "वो दिन पानी काबर नइ आइस, दीदी?"

माहीत नाही म्हणता आलं असतं. मी खरं सांगितलं: मंडप भिजू नये म्हणून मी फोन करून बंद करायला लावलं होतं. आता ती शिव्या देणार, असं मला वाटलं. ती सोबतच्या बायकांकडे वळली. "सुनेव? फोन ले बंद होथे!" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "त हमन ला दू साल ले काबर कहत रेहेव के नइ हो सकय?"

दोन वर्षं 'होऊ शकत नाही' असं का सांगत होतो? कारण कुणी विचारलंच नव्हतं. 'अशक्य'च्या त्या तिन्ही उत्तरांवर सह्या करणाऱ्यांपैकी एकानेही धरणावर अर्ध्या मिनिटाचा फोन केला नव्हता. मीही नाही, आणि नंबर तर माझ्याच टेबलाच्या काचेखाली होता.

नवा अर्ज मी तिथेच लिहून दिला. ती सांगत गेली आणि मी वाक्यं सरळ करत गेले: मंडपासाठी पाणी थांबतं, तर आमच्यासाठी दोन तास आधी निरोप येऊ शकतो. सोबत एक वेगळा कागद जोडला. फोन कुणी केला, कधी केला, पलीकडून काय उत्तर आलं, सगळं लिहिलं. खाली माझं नाव, हुद्दा आणि सही.

"अब त तहूँ फँसे, दीदी," ती म्हणाली आणि तिघी खळखळून हसल्या.

साहेब आता माझ्याशी फक्त चिठ्ठ्यांतून बोलतात. अर्जाला अजून उत्तर नाही. मसुदा दोनदा वर गेला आणि दोनदा परत आला, कारण तो कागद जोडलेला असताना 'अशक्य' लिहायला कुणाचाच हात धजत नाही, आणि 'शक्य' लिहायची तर इथे कुणाला सवयच नाही. पाणी अजून न सांगताच येतं. बायका चोरिये आता काठाला लागूनच लावतात. तिथे मासा कमी लागतो, पण पळून काठावर चढता येतं.